वाचकांचे प्रश्न : वाचन, लेकीबाळी आणि मोबाइलवरचे गेम

गेल्या अंकात साक्षरता, लिंगभाव आणि व्हिडिओ गेम हे तीन विषय एकत्र घेऊन काम करणाऱ्या शिक्षण-संशोधकांची ओळख करून दिली होती. त्यावर वसमतपासून उदगीरपर्यंत पत्रं आली. बहुतेक पत्रं शिक्षकांची आणि आयांची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जिंतूरच्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण वर्गात करून बघण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच आहे.

प्रश्न (एम.एड.चा विद्यार्थी, वसमत) : विषय सांगितला की ‘गेमवर काय संशोधन करायचं, शिक्षणातला काहीतरी विषय घे’ असं ऐकावं लागतं. यावर कुणी आयुष्यभर काम केलं आहे का, की हे नवं खूळ आहे?

उत्तर : खूळ नाही. विभागात आधी हे सांगा की ही वाट गेममधून निघालेली नाही, साक्षरतेच्या अभ्यासातून निघाली आहे. ब्रायन स्ट्रीट या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात इराणमध्ये मशहदकडच्या खेड्यांत राहून काम केलं. मक्तबात, म्हणजे गावच्या धार्मिक शाळेत, धर्मग्रंथ वाचायला शिकलेले गावकरी तीच अक्षरओळख फळांच्या व्यापारात आणि हिशेबाच्या वह्यांत कशी वापरतात, हे त्यांनी दाखवलं. १९८४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि साक्षरता म्हणजे शाळेत मोजता येतं तेवढंच, ही समजूत ढिली झाली. आपल्या मोंढ्यात आडत्याची पट्टी हातात पडताच हमाली, तोलाई वजा जाता किती उरले ते सांगणारा चौथी शिकलेला शेतकरी आठवा. तो काय वाचतो आणि कसं वाचतो, हा स्ट्रीट यांचाच प्रश्न आहे.

जेम्स पॉल जी हे मूळचे भाषाशास्त्रज्ञ. सहा वर्षांच्या मुलाला गेममध्ये मदत करता यावी म्हणून त्यांनी तो स्वतः खेळून पाहिला. मग मोठ्यांचा गेम घेतला, तर तो फारच अवघड निघाला. इतकी अवघड आणि लांबलचक गोष्ट लोक पैसे देऊन का शिकतात, या प्रश्नातून २००३चं त्यांचं पुस्तक झालं. त्यात शिकण्याची ३६ तत्त्वं मांडली आहेत.

कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर यांची पीएच.डी. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातली, साक्षरता-अभ्यासातली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळणारे लोक खेळाबाहेर एकमेकांना काय लिहितात, हे त्यांनी शॉन डंकन यांच्यासोबत तपासलं आणि २००८ साली प्रसिद्ध केलं. जवळपास २,००० नोंदी त्यांनी एकेक करून वाचल्या, त्यांना वर्ग दिले. त्यातल्या ८६ टक्के नोंदींत लोक मिळून ज्ञान उभं करत होते. कुणी आकडे मांडत होतं, कुणी दुसऱ्याचा तर्क खोडून काढत होतं. पुढे २०११ साली त्यांनी मुलग्यांच्या वाचनाकडे मोर्चा वळवला. वाचनात मागे समजली जाणारी मुलं, विषय स्वतः निवडायला मिळाला की अवघड मजकूरही पेलतात, कारण अडलं की थांबून स्वतःची चूक दुरुस्त करतात, असं त्यांना आढळलं. त्या काही काळ अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालयात गेमविषयक धोरणाचं काम पाहत होत्या आणि नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत प्राध्यापक झाल्या.

कॅनडात जेनिफर जेन्सन आणि सुझॅन डी कॅस्टेल यांनी लिंगभावाची बाजू लावून धरली. त्यांच्याविषयी कळंबच्या पत्राच्या उत्तरात येईलच. तुम्हाला मार्गदर्शक हवा असेल तर गेम खेळणारा शोधू नका. वाचनाचं मोजमाप ज्यांना नीट येतं, त्यांच्याकडे जा. गेम महिनाभरात समजतो, वाचनाच्या चुका ओळखायला वर्षं लागतात.

प्रश्न (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, ता. जिंतूर) : पाचवीतल्या चार-पाच पोरांना पुस्तकातला उतारा वाचता येत नाही. पण मोबाइलवरच्या गेममध्ये कुठं काय दाबायचं, ते सगळं त्यांना कळतं. हे वाचन म्हणायचं का? कसं तपासू?

उत्तर : बाई, अंदाजाने ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. दोन तासिकांत तपासता येतं.

गेमच्या पडद्यावरचे बहुतेक शब्द इंग्रजी लिपीत असतात. ‘स्टार्ट’, ‘क्लेम’, ‘इन्व्हाइट’, ‘रेडी’, ‘अपग्रेड’. मुलगा ‘क्लेम’वर बोट ठेवतो तेव्हा तीन गोष्टींपैकी एक चाललेली असते. एक, ‘पिवळं बटण, खाली उजवीकडे’ एवढंच त्याला माहीत आहे. दोन, शब्दाचा आकार चित्रासारखा पाठ आहे. तीन, तो अक्षरं खरंच वाचतो. तिन्ही वेगळी ओळखायची तर तीन कागद करा.

मुलं खेळतात त्या गेमच्या पडद्याचे फोटो काढून त्यातले १२ शब्द निवडा. पहिल्या कागदावर शब्द पडद्यावर दिसतात तसेच, रंग, चित्र आणि जागेसकट छापा. दुसऱ्यावर तेच शब्द काळ्या शाईत, साध्या ठशात, क्रम बदलून. तिसऱ्यावर प्रत्येक शब्दाशेजारी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शब्द ठेवा, म्हणजे ‘क्लेम’शेजारी ‘क्लीन’, ‘रेडी’शेजारी ‘रीड’. मग ‘यातला क्लेम कुठला?’ असं विचारा. पहिल्या कागदावर १२ पैकी ११ आणि दुसऱ्यावर ३ आले, तर मूल जागा आणि रंग ओळखतं. दुसऱ्यावर ९ पण तिसऱ्यावर ५-६ आले, तर आकार पाठ आहे. तिसऱ्या कागदावर नुसत्या अंदाजानेही निम्मे बरोबर येतात, म्हणून ६ म्हणजे काहीच नाही असं धरा. तिसऱ्यावर १० किंवा जास्त आले तर अक्षरवाचन सुरू झालेलं आहे, आणि ते पुस्तकाने शिकवलेलं नाही.

कागद देण्याचा क्रम मात्र उलटा ठेवा: तिसरा आधी, मग दुसरा, शेवटी पहिला. रंगीत कागद आधी दिला तर मुलाला उत्तरं त्यातूनच कळतात आणि पुढचे दोन कागद फुकट जातात. एकेका मुलाला वेगळं बसवा. वर्गात घेतलं तर मागून कुणीतरी सांगतंच. तुमच्या ओठांकडे आणि नजरेकडेही मुलं बघतात, म्हणून त्याच्या समोर न बसता बाजूला बसा.

हे झालं शब्दांचं. मराठी वाचनासाठी आधी ‘असर’ची, म्हणजे गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची, चाचणी घ्या. २००५पासून हजारो स्वयंसेवक ती घेत आले आहेत आणि तिला पाच मिनिटं लागतात. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या परिच्छेदापासून करायची. तो न अडखळता वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्द: मुलाने निवडलेल्या कोणत्याही ५ शब्दांपैकी ४ बरोबर हवेत. तेही नसेल तर अक्षरं, पुन्हा ५ पैकी ४. अक्षरापासून वर चढत जाऊ नका. मूल कंटाळतं आणि परिच्छेदापर्यंत पोचतच नाही.

परिच्छेद जमणाऱ्या मुलांसाठी पुढची पायरी आहे. १०० शब्दांचे दोन उतारे घ्या. एक पुस्तकातल्या न शिकवलेल्या धड्यातला. दुसरा तुम्ही लिहिलेला, मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावर. गेम निवडला तर गेम, शेळी निवडली तर शेळी. विषय तीन दिवस आधी विचारून ठेवा. दोन्ही उताऱ्यांत वाक्यांची लांबी सारखी आणि जोडाक्षरं सारखी, समजा १२-१२, ठेवा. निम्म्या मुलांना पुस्तकाचा उतारा आधी द्या, निम्म्यांना आवडीचा. नाहीतर दुसऱ्या उताऱ्याला मूल थकलेलं असतं आणि तो थकवा तुम्ही विषयाच्या नावावर मांडता.

मूल वाचताना तुमच्याकडच्या प्रतीवर खुणा करा. बरोबर शब्दावर बारीक टिक, चुकला तर वर त्याने म्हटलेला शब्द, गाळला तर आडवी रेघ, चुकून स्वतःच दुरुस्त केला तर ‘दु’. १०० शब्दांत ८ चुका म्हणजे अचूकता ९२ टक्के. दुरुस्तीचं प्रमाण असं काढा: चुका अधिक दुरुस्त्या, भागिले दुरुस्त्या. ८ चुका आणि ४ दुरुस्त्या असतील तर १२ भागिले ४, म्हणजे दर तीन अडखळण्यांत एक दुरुस्ती. इंग्रजी वाचनासाठी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त अचूकता म्हणजे सोपा मजकूर, ९० ते ९४ शिकवण्याजोगा, त्याखाली अवघड असे टप्पे वापरतात. मराठीला ते जसेच्या तसे लावू नका. आधी आपल्याच वर्गातल्या चांगल्या वाचकांची अचूकता काढा आणि तिच्याशी ताडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘होतं’ला ‘व्हतं’ म्हटलं तर ती वाचनाची चूक नाही. मुलाने शब्द ओळखला आणि आपल्या घरच्या बोलीत म्हटला. ही चूक धरली तर मराठवाड्यातलं प्रत्येक मूल अर्ध्या पातळीने खाली दिसेल. ह्रस्व-दीर्घाचंही तेच. ‘दिशा’ला ‘दशा’ म्हटलं तर मात्र चूक, कारण वेलांटी सुटली आणि अर्थ बदलला. चुका तीन रकान्यांत वेगळ्या लिहा: मात्रा-वेलांटी, जोडाक्षर, आणि अंदाजाने म्हटलेला शब्द. तिसरा रकाना भरत असेल तर मूल पहिलं अक्षर बघून उरलेलं ठोकून देतं, आणि गेममध्ये आकारावरून शब्द ओळखायची सवय इथे उतरली आहे का, हे तपासायला जागा मिळते.

आवडीच्या उताऱ्यात दुरुस्त्या वाढल्या पण चुका तेवढ्याच राहिल्या, तरी निराश होऊ नका. दुरुस्ती म्हणजे मूल अर्थाकडे लक्ष देतंय. निपुण भारत या सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द हे उद्दिष्ट आहे, म्हणून शाळांत घड्याळ लावायची घाई असते. या तपासणीत घड्याळ बाजूला ठेवा. वेळ मोजतायत हे कळलं की मुलं दुरुस्ती सोडून पळत सुटतात.

आणि हो, पत्रात तुम्ही फक्त पोरांबद्दल लिहिलंत. तेवढ्याच मुलींनाही हे तिन्ही कागद द्या. मग पुढचं पत्र वाचा.

प्रश्न (एक आई, कळंब, जि. धाराशिव) : मुलगा नववीत, मुलगी सातवीत. मुलगा गेममध्ये तरबेज आहे. मुलगी धरते तेव्हा लगेच हरते आणि सोडून देते. घरात सगळे म्हणतात, मुलींचं डोकं त्यात चालत नाही. खरं काय?

उत्तर : ताई, तुमच्या घरात आधी तास मोजायला हवेत. डोक्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

जेन्सन आणि डी कॅस्टेल यांनी हेच दाखवलं. आधीच्या संशोधनात मुली आणि मुलगे शेजारी बसवून त्यांची तुलना केली जायची. मुलग्यांनी आधी शेकडो तास खेळलेलं असायचं, मुली त्या दिवशी पहिल्यांदा बसलेल्या असायच्या. म्हणजे तुलना व्हायची नवशिक्याची आणि सरावलेल्याची, आणि छापलं जायचं ‘मुली अशा आणि मुलं तशी’. मुलींना स्वतंत्र वेळ आणि जागा मिळाल्यावर, आधी ‘बायकी’ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच गोष्टी नवशिकेपणाच्या निघाल्या. लवकर सोडून देणं ही त्यातलीच एक.

आपल्याकडे वेळ कुणाला मिळतो, ते ‘असर’च्या २०२३च्या अहवालात आहे. १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलग्यांकडे होता आणि १९.८ टक्के मुलींकडे. अक्षरांच्या बाबतीतही आपण आधी हेच पाहिलं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि बायकांची ७५.८७ टक्के होती. त्या साडेबारा टक्क्यांचं कारण बायकांच्या डोक्यात होतं, असं आज कुणी म्हणणार नाही.

घरात करून बघायचं असेल तर एका वहीत सात दिवस सकाळी ५ ते रात्री १० असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी लिहा: फोन कुणाच्या हातात होता, आणि त्या वेळी मुलगी काय करत होती. आठवडी बाजाराचा दिवस आणि रविवार दोन्ही त्यात यायला हवेत. ‘हातात’ आणि ‘शेजारी बसून बघत’ हे वेगळं लिहा. मुली पुष्कळदा भावाच्या खांद्यावरून बघतात आणि घरचे तो वेळ ‘तीही खेळते’ म्हणून धरतात. नोंद संध्याकाळी एकदम करू नका. आठवणीतून लिहिलं की भांडी, पाणी, झाडलोट गळून जातं, कारण ते काम कुणाच्या लक्षातच राहत नाही.

नंतर मुलीला एकटीला सहा वेळा, प्रत्येक वेळी ४० मिनिटं फोन द्या. फोन चार्ज झालेला हवा. भाऊ त्या खोलीत नको. तो शेजारी असला की तिसऱ्या मिनिटाला ‘दे इकडं, मी दाखवतो’ म्हणतो आणि फोन जातो. गेम तिने निवडायचा. गुलाबी रंगाचा, बाहुली सजवण्याचा गेम मुलींसाठी म्हणून पुढे करू नका. मुलींसाठी वेगळे गेम काढायचे की नाहीत, हा वाद १९९०च्या दशकात अमेरिकेत भरपूर झाला, आणि जस्टिन कॅसेल व हेन्री जेन्किन्स यांनी १९९८ साली त्यावर पुस्तकच संपादित केलं. सगळ्या मुलींची आवड एकच असते, असं धरून चालणंच त्यात अडचणीचं ठरलं. पहिल्या आणि सहाव्या वेळी एकाच टप्प्यावर ती किती वेळा हरली आणि हरल्यावर पुन्हा सुरू केलं का, एवढंच लिहा. मुलाशी तुलना करायचीच असेल तर त्याच्या पहिल्या सहा वेळांशी करा. आजच्याशी नको.

प्रश्न (किराणा दुकानदार, जाफराबाद) : पैसे लावायचे गेम आणि साधे गेम यांत कायद्याने फरक आहे का?

उत्तर : आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन गेम चालवायला, त्यांची जाहिरात करायला आणि त्यांच्यासाठी पैशांची देवघेव करायला त्याने बंदी घातली. कौशल्याचा की नशिबाचा हा भेद तिथे उरला नाही. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे धरले आहेत. फुकटच्या गेममध्येही वस्तू विकत घेता येतात. त्यामुळे दुकानाच्या वसुलीचा यूपीआय असलेला फोन लेकराच्या हातात देऊ नका, पासवर्डशिवाय खरेदी होणार नाही अशी सेटिंग करा.

प्रश्न (शिक्षिका, वय ३४, उदगीर) : एम.ए. शिक्षणशास्त्र झालं आहे. नोकरी आणि दोन लेकरं सांभाळून याच विषयात पीएच.डी. करता येईल का? विषय कसा मांडू?

उत्तर : करता येईल. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. मान्य आहे, त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने २ वर्षं वाढतात आणि महिलांना आणखी २ मिळतात. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे, ती मागायला संकोच करू नका. जून २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेशाची सोय झाली: नेटला ७० टक्के भार, मुलाखतीला ३०, आणि ते गुण एक वर्षच चालतात. शिक्षणशास्त्राचा विषय क्रमांक ०९. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या जाहिराती स्वतः वाचा. मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे आधी विचारा. प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४ इतकेच विद्यार्थी असू शकतात.

आराखडे पडतात ते विषयाच्या लांबीरुंदीमुळे. ‘मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर मोबाइल गेमचा होणारा परिणाम’ या शीर्षकात आठ जिल्हे आले, सगळी वयं आली, आणि ‘परिणाम’ सिद्ध करायचं ओझं आलं. खेळणाऱ्यांचं वाचन कच्चं निघालं तर खेळल्यामुळे कच्चं झालं, की कच्चं होतं म्हणून खेळाकडे वळले, हे एकदाच मोजून कळत नाही. त्याऐवजी ‘उदगीर तालुक्यातील सातवीच्या मुलामुलींना मिळणारा फोन-वेळ आणि स्वनिवडीच्या मजकुराच्या वाचनातील स्वदुरुस्ती’ असं काहीतरी घ्या. शीर्षकातला प्रत्येक शब्द मोजता आला पाहिजे.

नमुन्याचा हिशेब आधी करा. ६ गावांतून १०-१० मुलगे आणि १०-१० मुली म्हणजे ६० विरुद्ध ६०. मुलींत ४० टक्के आणि मुलग्यांत ५५ टक्के असा फरक आला तर छापायची घाई होईल. पण एवढ्या नमुन्यात सुमारे १८ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही येतो. शिवाय एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तो आकडा आणखी वाढू शकतो. टक्केवारीवर बोलायचं तर गावं वाढवा. नाहीतर २० मुलं घेऊन प्रत्येकाच्या घरी चार-चार वेळा जा आणि खोल लिहा. दोन्ही अर्धवट करू नका.

वेळ निवडताना हंगाम पाहा. दसऱ्यानंतर ऊसतोडीचे कोयते निघाले की बीड, धाराशिवकडच्या गावांतली कितीतरी लेकरं आई-बापासोबत जातात किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात पटावर नाव असतं आणि बाकावर लेकरू नसतं. वाचनात सगळ्यात मागे राहण्याची भीती ज्यांना, तीच तुमच्या आकड्यांतून निसटतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलींची हजेरी आधी तुटते. ऑगस्ट आणि फेब्रुवारी, दोनदा मोजा.

संमतीपत्र मराठीत आणि एका पानाचं करा, घरी वाचून दाखवा, अंगठा किंवा सही घ्या. नंतर मुलाला वेगळं विचारा. आई हो म्हणाली तरी लेकरू नको म्हणू शकतं, तेव्हा त्याचं ऐकायचं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो. चेहरा चित्रित करू नका, आवाज पुरेसा आहे. मुलगी फोनवर काय बघते, हे तिच्या घरच्यांना तुमच्याकडून कधीही कळता कामा नये. त्या एका चुकीने तिचा फोन सुटतो, कदाचित शाळाही. चुकांना वर्ग देताना दुसऱ्या एका शिक्षकाला २० टक्के ध्वनिमुद्रणं स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि दोघांचं किती जुळतं ते काढा. जुळत नसेल तर दोष मुलात नाही, तुमच्या व्याख्येत आहे.

प्रश्न (आजोबा, किनवट) : नातू रात्रंदिवस खेळतो. हा आजार आहे का?

उत्तर : नुसत्या तासांवरून आजार ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला अग्रक्रम देणं, आणि नुकसान होत असूनही चालू ठेवणं, तेही साधारण १२ महिने आणि शाळा, झोप, घर बिघडण्याइतकं. तसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे. फोन हिसकावून फोडू नका. रात्री फोन सगळ्यांचाच, तुमचाही, एका ठिकाणी चार्जिंगला लावा.

प्रश्न (‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेविका, ता. घनसावंगी) : माझ्याकडे नऊ बायका येतात, चाळीस ते साठ वयाच्या. पाटी-पुस्तकाला कंटाळतात. गेममधून शिकवता येईल का?

उत्तर : येईल, पण मोबाइलवरून सुरुवात नको. पडदा लहान, अक्षर बारीक, आणि फोन दुसऱ्याचा, म्हणून बिघडेल ही धास्ती.

शिकवायच्या आधी एकेकीला चार बोटं रुंद अक्षर दाखवा, मग पुस्तकातलं दाखवा. मोठं ओळखलं आणि बारीक नाही, तर तिला चष्मा हवा आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, आणि ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्या कितीतरी जणींचं कारण एवढंच असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची तारीख विचारा आणि त्यांना सोबत घेऊन जा.

मग खेळ. जुन्या लग्नपत्रिकांचे साधारण १० बाय ७ सेंटीमीटरचे तुकडे करून २० शब्द दोन-दोनदा लिहा, म्हणजे ४० पत्ते. अक्षर अडीच सेंटीमीटर उंच, काळ्या मार्करने. शब्द त्यांच्या कामाचे घ्या: रेशन, बचतगट, हप्ता, पासबुक, नाव, सही, जालना, अंबड, दवाखाना, गोळी. ‘कमळ-बदक’ नको. पत्ते पालथे मांडायचे, दोन उघडायचे, जुळले तर मोठ्याने वाचून घ्यायचे. पहिल्या दिवशी ४० मांडले तर कुणाचंच जुळत नाही आणि खेळ पडतो. ६ जोड्यांपासून सुरू करा, दर दोन दिवसांनी २ जोड्या वाढवा. पत्त्याच्या मागे डाग किंवा छापील मजकूर राहू देऊ नका, बायका डाग लक्षात ठेवून जिंकतात. पंधरा दिवसांनी त्याच शब्दांचे नवे पत्ते दुसऱ्या हाताने लिहून घ्या. तिथे जी अडखळते, तिचा पत्ता पाठ होता, शब्द नव्हता. जिंतूरच्या बाईंना सांगितलेली तपासणी हीच.

सापशिडीही चालते. घरात आकड्याबरोबर एक शब्द लिहा, सोंगटी जिथे पडेल तिथला शब्द वाचला तरच शिडी चढायची. सापावर मात्र वाचनाची अट ठेवू नका. आधीच खाली घसरलेली बाई चारजणींत चुकली की दुसऱ्या दिवशी येत नाही.

उल्लासची परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. पत्त्यांच्या खेळाने वाचन येतं, लेखन येत नाही. त्यासाठी खेळ संपल्यावर जिंकलेले शब्द प्रत्येकीने वहीत उतरवायचे, आणि गुणफलकावर आपापलं नाव स्वतःच लिहायचं. बचतगटाच्या बैठकीच्या दिवशी तीच वही सोबत न्यायला सांगा आणि नोंदवहीतलं आपलं नाव, हप्ता आणि बाकी रक्कम तिथे बसून वाचायला लावा.